एसीचं पाणी घरात का येतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळचे सगळे प्रश्न एसीच्या ड्रेन पाइपबद्दलचे आहेत. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न (ठाणे) : दीड टनाचा स्प्लिट एसी आहे, चार वर्षांचा. पाऊस सुरू झाला की आतल्या युनिटच्या एका कोपऱ्यातून भिंतीवर पाणी उतरतं. मेकॅनिकने ‘गॅस कमी आहे’ म्हणत गॅस भरला. पंधरा दिवसांत पुन्हा तेच. थंडावा मात्र पहिल्यापासून चांगला आहे. नेमकं काय बिघडलंय?

उत्तर : थंडावा चांगला होता तर गॅसकडे वळायचं कारणच नव्हतं. गॅस कमी झाल्यावरही एसी गळतो हे खरं, पण त्याची लक्षणं वेगळी असतात. गॅस उतरला की कॉइलचं (आतल्या युनिटमधल्या थंड नळ्या-पात्यांच्या जाळीचं) तापमान शून्याखाली जातं आणि पाणी ओघळून जाण्याऐवजी बर्फ होऊन पात्यांवर बसतं. खोली नीट गार होत नाही. एसी बंद केला की हा बर्फ वितळतो, कॉइलखालच्या पाण्याच्या ट्रेला झेपत नाही आणि पाणी खाली येतं. म्हणजे गळती मुख्यतः बंद केल्यानंतरची. फिल्टर धुळीने गच्च भरला असेल तरी असाच बर्फ धरतो, त्यामुळे बर्फ दिसला म्हणजे गॅसच गेला असंही नाही. आधी फिल्टर धुऊन बघावा. खात्री करायची तर एसी पाऊण तास चालवा, पुढचं झाकण उघडा, फिल्टर काढा आणि टॉर्चच्या उजेडात कॉइल बघा. पांढरा थर नसेल, सगळी कॉइल सारखी ओली असेल, तर दोष पाण्याच्या वाटेत आहे.

तुमच्याकडे बहुधा तेच आहे. दमट हवेत दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना तासाला एक ते दोन लिटर पाणी काढतो. कॉइलखालचा ट्रे उथळ असतो. तो पाणी साठवण्यासाठी नसून पुढे ढकलण्यासाठी असतो. पाइप अर्धा जरी बुजला तरी अर्ध्या-पाऊण तासात ट्रे काठोकाठ भरतो. म्हणून एसी लावल्यावर काही वेळाने सुरू होणारी आणि मग न थांबणारी गळती ही तुंबलेल्या पाइपची खूण.

पाइप उघडण्याआधी दोन गोष्टी बघा. युनिटवर पाणसळ ठेवून बघा. युनिट सपाट हवं, फार तर दोन-तीन मिलिमीटर पाइपच्या बाजूला झुकलेलं. उलट्या बाजूला झुकलं असेल तर पाइप स्वच्छ असूनही दुसऱ्या कोपऱ्यातून पाणी पडेल. दुसरं म्हणजे बूच. बऱ्याच मॉडेलच्या ट्रेला दोन्ही टोकांना तोंडं असतात आणि न वापरलेल्या तोंडाला रबरी बूच असतं. सर्व्हिसिंगच्या वेळी ते ढिलं राहिलं की नेमक्या त्याच कोपऱ्यातून थेंब पडतात. बसवायला मिनिट लागत नाही, पण त्यापायी लोकांनी अख्खा ट्रे बदलून घेतलेला असतो.

आता सफाई. सगळ्यात आधी एमसीबी (एसीचा मुख्य स्विच) बंद; रिमोटने बंद करणं पुरेसं नाही. फिल्टर काढा. विजेचा डबा (सहसा समोरून बघताना उजवीकडे असतो) पॉलिथिनने झाका. त्याच्या विरुद्ध टोकाकडून अर्धा लिटर पाणी बाटलीने हळूहळू ट्रेमध्ये सोडा आणि बाहेरच्या टोकाशी कुणाला तरी उभं करा. मिनिटभरात सलग धार लागली तर पाइप मोकळा आहे. थेंब-थेंब आलं, किंवा काहीच आलं नाही, तर तुंबलाय.

तुंबलेला पाइप शक्यतो बाहेरून ओढूनच काढायचा. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर बाहेरच्या टोकाला लावा, सांध्याभोवती ओलं फडकं घट्ट गुंडाळा, एक-दोन मिनिटं चालवा. तपकिरी-काळपट बुळबुळीत गोळा बाहेर येतो. मग दोन लिटर कोमट पाणी सोडून पुन्हा धार बघा. साधा, फक्त कोरड्या धुळीचा व्हॅक्यूम यासाठी वापरू नका. व्हॅक्यूम नसेल तर पाइप युनिटच्या तोंडापासून सोडवा आणि मग आतल्या टोकाकडून बाहेर सायकलच्या पंपाने हवा मारा. पाइप न सोडवता बाहेरून हवा मारणं हा सर्रास दिसणारा आळस आहे. त्याने गाळ उलटा ट्रेमध्ये येतो, आठवड्यात परत खाली उतरतो, आणि पाणी उडून सर्किटच्या पट्टीपर्यंत गेलं तर खर्च वेगळाच. तार घालू नका. पांढरा घडीचा पाइप आतून फाटतो आणि ते कळतं भिंतीला ओल आल्यावर. आणि बाहेरचं टोक डक्टमध्ये किंवा सज्जाबाहेर असेल तर स्वतः वाकू नका. ते काम सेफ्टी बेल्ट लावणाऱ्याचंच.

तो गोळा म्हणजे शेवाळ नाही. शेवाळाला उजेड लागतो. हवेतली धूळ, कापडाचे तंतू, स्वयंपाकाची तेलकट वाफ आणि उदबत्ती-धुपाची काजळी कॉइलवर बसते, पाण्याबरोबर ट्रेमध्ये उतरते आणि त्यावर जिवाणूंचा थर वाढतो. म्हणून खरी देखभाल फिल्टरची. वापराच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी तो धुवावा. पाइप वर्षातून दोनदा, मे अखेरीला आणि ऑक्टोबरात. स्वयंपाकघराला लागून उघड्या हॉलमध्ये एसी असेल तर मध्ये आणखी एकदा.

प्रश्न (पुणे) : पाइपमध्ये व्हिनेगर आणि खायचा सोडा घालावा असं वाचलं. कुणी ब्लीच सांगतं, कुणी संडास साफ करायचं ॲसिड. काय वापरावं?

उत्तर : व्हिनेगर आणि सोडा एकत्र घातल्यावर फेस छान येतो, उपयोग शून्य. एक आम्ल, दुसरा अल्कली. दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ खारं पाणी.

नुसतं पांढरं व्हिनेगर चालतं. एक कप व्हिनेगरमध्ये एक कप पाणी मिसळून थेट पाइपमध्ये घाला, कॉइलवर नाही. अर्धा तास थांबा आणि एक-दीड लिटर साध्या पाण्याने धुवा. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पुरे. हा उपाय थर वाढू न देण्यासाठी आहे. बुजलेला पाइप त्याने उघडत नाही, तो आधी ओढूनच काढायला हवा. ट्रेसाठी भांडी घासायच्या द्रावाचे चार थेंब मगभर पाण्यात आणि मऊ ब्रश, एवढं बस.

ब्लीच तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्ही खातं आणि त्याचा वास पंख्याच्या हवेतून थेट झोपायच्या खोलीत येतो. संडासाच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं; त्याने कॉइलच्या पात्या विरतात. मोरीतला तुंबा काढायची कॉस्टिकची पूड तर मुळीच नको. ती ॲल्युमिनियमवर पडली की उष्णता आणि हायड्रोजन वायू तयार होतो. उकळतं पाणीही टाळा, पीव्हीसी मऊ पडतं. हाताला सोसेल इतकंच गरम ठेवा.

आणि हे ठळक लक्षात ठेवा : ब्लीच आणि व्हिनेगर, किंवा ब्लीच आणि कोणतंही ॲसिड, एकामागोमाग एकाच पाइपमध्ये घालू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद बेडरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. आधी कुणी काय घातलंय हे माहीत नसेल तर फक्त पाणी वापरा.

प्रश्न (नागपूर) : मे महिन्यात आमच्या एसीच्या पाइपमधून थेंबही पडत नाही. जुलैत मात्र बाहेर कमी आणि घरातच जास्त पाणी. उन्हाळ्यात पाणी न येणं हा दोष आहे का?

उत्तर : नाही. हवा ज्या तापमानाला थंड केली की तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते, तो तिचा दवबिंदू. तुमच्याकडे मेमध्ये पारा 43 अंशांवर आणि आर्द्रता 15-20 टक्क्यांवर असते, तेव्हा दवबिंदू साधारण 11 ते 15 अंश येतो. कॉइलही जवळपास तितकीच थंड असते, म्हणून पाणी जेमतेम सुटतं. जुलैत 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रतेला हाच दवबिंदू 26 अंशांच्या आसपास जातो आणि धार लागते. मेमध्येही पाइपला पाणी आलंच, तर शेजारच्या खोलीतला कूलर आणि मधलं उघडं दार तपासा. कूलर हवेत पाणी घालतो, एसी तेच विजेच्या खर्चाने काढत बसतो.

जुलैतल्या गळतीचं मूळ मेमध्येच आहे. कोरड्या दिवसांत ट्रेमधला थर वाळतो, त्याच्या खपल्या होतात आणि वर धूळ साचत राहते. पहिल्या दमट आठवड्यातलं पाणी हे सगळं सोलून नेतं आणि पहिल्याच वळणावर अडकवतं. विदर्भात म्हणून पाइपची सफाई जूनच्या पहिल्या आठवड्यात करा. मार्चमध्ये केलेल्या सर्व्हिसिंगचा या बाबतीत फारसा उपयोग नाही.

प्रश्न (पनवेल) : नव्या फ्लॅटचं इंटिरिअर सुरू आहे. एसीचा ड्रेन पाइप भिंतीत आणि फॉल्स सीलिंगमध्ये दडवायचा आहे. तीन बेडरूम, तीन एसी. कंत्राटदार म्हणतो, पांढरा फ्लेक्सिबल पाइप टाकतो. चालेल का?

उत्तर : दडवलेल्या जागी तो पाइप चालणार नाही. त्याच्या आतल्या घड्यांत गाळ अडकतो, आणि दोन क्लॅम्पच्या मध्ये तो लोंबतो. लोंबलेल्या जागी पाणी साचतं आणि तिथून पुढे सगळं रखडतं. भिंतीत कडक यूपीव्हीसी पाइपच घ्या : एका एसीला 25 मिलिमीटर, दोन एसी जोडल्यावर पुढची लाइन 32. युनिटमधून येणारी मऊ नळी कडक पाइपच्या आत निदान पाच सेंटिमीटर जायला हवी, उलट नाही. कडक पाइप मऊ नळीत घातला की सांध्याशी पाणी अडतं आणि झिरपतं. फुकट होणारी चूक आहे, पण भिंत फोडायला लावते.

ढाळ हा खरा मुद्दा. मीटरला एक सेंटिमीटर हे किमान; शक्य असेल तिथे दोन द्या. दोनच्या हिशेबाने साडेचार मीटर लाइन असेल तर शेवटचं टोक सुरुवातीपेक्षा नऊ सेंटिमीटर खाली आलं पाहिजे. एवढी उंची सीलिंगमध्ये आहे का, हे पीओपीची फ्रेम ठोकण्याआधी मोजा. नंतर कारागीर ‘ॲडजस्ट’ करतो, आणि त्याचा अर्थ पाइप मध्येच चढवतो. दर 60-75 सेंटिमीटरला क्लॅम्प हवा. काटकोनी एल्बोऐवजी 45 अंशांचे दोन बेंड वापरा. युनिटजवळ हात पोहोचेल अशा जागी एक टी (T आकाराचा जोडतुकडा) आणि तिला काढता येणारी टोपी ठेवा; पुढची सगळी सफाई त्यातून होईल. त्या टीला सॉल्व्हंट सिमेंट लावून टोपी कायमची चिकटवणारे महाभाग असतात, तेव्हा समोर उभे राहा.

दोन एसी एका लाइनला जोडताना सांधा वरून, वाय (Y आकाराच्या) तुकड्याने घ्या. समोरासमोर टी दिली की एकाचं पाणी दुसऱ्याच्या पाइपमध्ये शिरतं, आणि जो एसी बंद आहे त्याच्या ट्रेमधून गळतं. मग तक्रार भलत्याच एसीची होते. तीन एसी एकाच लाइनवर टाकण्यापेक्षा एकाला स्वतंत्र बाहेर काढणं चांगलं.

आतून जाणारं पाणी गार असल्याने बाहेरच्या अंगाला पाइप घामेजतो आणि पीओपीवर पिवळे डाग पडतात. म्हणून सीलिंगमधल्या पूर्ण लांबीला काळ्या रबरी फोमचं वेष्टण हवं : किमान 9 मिलिमीटर, तुमच्या दमट हवेला 13. सांध्यावर ते तोडून ठेवू नका, डाग नेमके तिथेच येतात.

प्लॅस्टरआधी दोन चाचण्या करून घ्या. टोक बंद करून पाइप मोजून पाण्याने भरा आणि तासभर ठेवा. पातळी उतरली तर कुठेतरी सांधा कच्चा. मग टोक उघडून दोन लिटर ओता आणि एकूण किती बाहेर आलं ते बादलीत मोजा. आधी भरलेलं आणि नंतर ओतलेलं मिळून त्यापेक्षा पाव लिटर कमी भरलं तर मध्ये पोटात पाणी राहतंय, ढाळ पुन्हा बघा. शेवटी मेजरिंग टेप भिंतीला लावून फोटो काढा, म्हणजे उद्या टीव्हीचा स्क्रू पाइपमध्ये जाणार नाही. बीम किंवा कॉलमला भोक पाडायची वेळ आली तर मार्ग बदला; तेवढ्यासाठी इमारतीच्या सांगाड्याला हात लावायचा नाही. ढाळ मिळतच नसेल तर छोटा कंडेन्सेट पंप बसवता येतो. तो घेताना टाकी भरल्यावर एसी बंद करणारी संरक्षक वायर असलेलाच घ्या, आणि ती वायर खरोखर जोडून घ्या.

प्रश्न (रत्नागिरी) : जोराचा पाऊस झाला की एसीखाली भिंत ओली होते. एसी चार दिवस बंद असला तरी! पाइप साफ करून झाला.

उत्तर : बंद एसी पाणी तयार करत नाही, तेव्हा हे पावसाचं. तांब्याच्या नळ्या जिथून बाहेर जातात त्या भोकाचा उतार आतल्या बाजूला असेल, तर नळ्यांवरून ओघळणारं पाणी सरळ घरात येतं. भोक बाहेरच्या बाजूला निदान अर्धा सेंटिमीटर उतरतं हवं, त्यात पीव्हीसीची बाही आणि भोवती सील हवं. बाहेर पडल्यावर नळ्यांना आधी खाली वाकवून मग आउटडोअरकडे न्यावं, म्हणजे पाणी त्या वाकाच्या तळाशी टपकून जातं. पांढरा सिमेंटचा लेप एका पावसाळ्यात तडकतो. बाहेरून सिलिकॉन किंवा एसीवाल्यांची पुट्टी भरा.

तिकडे आणखी एक बघत राहा : कुंभारीण माशी. उन्हाळ्यात कोरड्या पाइपच्या तोंडात ती मातीचं घर बांधते आणि ते काढायला व्हॅक्यूमही पुरत नाही, टोकाचे पाच-दहा सेंटिमीटर कापावे लागतात. तोंडाला दोन-तीन मिलिमीटर छिद्रांची जाळी लावा. मच्छरदाणीचं बारीक कापड नको, ते गाळाने आठवड्यात बुजतं.

प्रश्न (वसई) : बिल्डिंगबाहेर पाणी सोडायला सोसायटीची मनाई आहे, म्हणून पाइप बाथरूमच्या ड्रेनेजला जोडला. आता एसी लावला की गटाराचा वास येतो.

उत्तर : एसीचा पंखा कॉइलमधून हवा ओढतो, आणि कॉइलखालच्या ट्रेचा पाइप थेट ड्रेनेजला बांधलाय, म्हणून तिथलीही हवा ओढली जाते. पाइप ड्रेनेजपासून सोडवा आणि त्याचं टोक नहाणी ट्रॅपच्या जाळीच्या पाच सेंटिमीटर वर मोकळं ठेवा. तसं जमत नसेल तर लाइनमध्ये पाच सेंटिमीटर पाणी धरणारा एकच यू-ट्रॅप (U आकाराचं वळण) द्या; ते पाणी वास अडवतं. एकच, दोन दिले की मधली हवा कोंडते आणि पाणी अडतं. थंडीत एसी बंद असताना ट्रॅप सुकतो, तेव्हा महिन्यातून एकदा अर्धा लिटर पाणी घाला.

वास गटाराचा नसून कुबट असेल, तर तो कॉइलचा. बंद करण्याआधी वीस मिनिटं नुसता पंखा चालवा.

प्रश्न (न्यू जर्सी) : आमच्याकडे सेंट्रल एसी, एअर हँडलर (कॉइल आणि पंख्याचं युनिट) ॲटिकमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर. ऐन जुलैत थर्मोस्टॅट कोरा पडतो. तंत्रज्ञ फ्लोट स्विच काढून टाकू म्हणतो.

उत्तर : काढू देऊ नका. युनिटखालच्या दुसऱ्या ट्रेमध्ये पाणी चढलं की हा स्विच 24 व्होल्टचा पुरवठा तोडतो. बऱ्याच जोडण्यांत त्याने थर्मोस्टॅटच बंद पडतो. तो गेला तर पुढचं पाणी बेडरूमच्या सीलिंगमधून येईल.

मुख्य ड्रेन तुंबलाय. पुरवठा बंद करा, दुसऱ्या ट्रेमधलं पाणी उपसा, घराबाहेरच्या पीव्हीसी टोकाला शॉप-व्हॅक (ओलं-कोरडं ओढणारा व्हॅक्यूम) लावा आणि दोन-तीन मिनिटं ओढा. ओढताना युनिटजवळची उघडी टी हाताने झाका. मग त्या टीतून पेलाभर पाणी घालून पी-ट्रॅप (ड्रेनमधलं पाणी धरणारं वळण) पुन्हा भरा. ट्रॅप तुमच्याकडे अत्यावश्यक आहे. या यंत्रांत सहसा पंखा हवेच्या वाटेत कॉइलनंतर असतो आणि ड्रेनमधून हवा आत ओढतो. ट्रॅपमध्ये पाणी नसेल तर ती हवा ट्रेमधलं पाणी अडवून धरते आणि पंखा थांबल्यावर ते एकदम सुटतं. उन्हाळाभर महिन्यातून एकदा पाव कप पांढरं व्हिनेगर टीतून घाला. खिडकीच्या वर भिंतीतून निघालेला एखादा पाइप सहसा कोरडा असतो. तो दुसऱ्या ट्रेचा. त्यातून थेंब पडायला लागले तर त्याच दिवशी मुख्य लाइन बघा.

प्रश्न (मुंबई) : खिडकी एसी आहे. पावसाळ्यात आत पाणी उडाल्यासारखा आवाज येतो. तळाला भोक पाडून पाणी काढावं का?

उत्तर : पाडू नका. मागच्या पंख्याच्या कडेची रिंग तळातलं पाणी मुद्दाम उडवून गरम कॉइलवर टाकते. त्याने कॉइल लवकर निवते आणि वीज वाचते. आवाज त्याचाच. युनिट बाहेरच्या बाजूला पाच-सहा मिलिमीटर झुकलेलं असलं म्हणजे झालं.

प्रश्न (पणजी) : पाइपखाली बादली ठेवतो. हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत, झाडांना, पिण्याला चालेल का? बादली ठेवल्यापासून एसी अधूनमधून आत गळतो, हा योगायोग का?

उत्तर : योगायोग नाही. पाइपचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडत असणार. टोक बुडालं की पाइपमधली हवा बाहेर पडत नाही, आणि ढाळ जेमतेम असेल तर पाणी मागे तुंबतं. टोक बादलीच्या काठापेक्षा पाच सेंटिमीटर वर बांधा. पावसाळी रात्रीत आठ ते बारा लिटर सहज येतात, त्यामुळे लहान बादली पहाटेआधीच भरते.

पिण्याला अजिबात नको. क्षार कमी असले तरी ते तांबं, ॲल्युमिनियम, धूळ आणि जिवाणू घेऊन येतं. बॅटरीतही नको, तांब्या-लोखंडाचा अंश बॅटरी आपोआप उतरवतो. तिथे आयएस 1069 प्रमाणातलं बाटलीबंद पाणीच घाला. फरशी पुसायला, संडासात टाकायला आणि कुंडीतल्या शोभेच्या झाडांना खुशाल वापरा. मात्र कॉइल रसायनाने धुतली असेल तर नंतरच्या दोन दिवसांचं पाणी ओतून द्या. बादली रोज रिकामी करा आणि आठवड्यातून एकदा आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत.